आबांची जीभ

शिबिराची भांडी माळ्यावरून खाली आली की आमच्या घरात थंडी सुरू व्हायची. दोन मोठे पितळी गंज, एक लोखंडी कढई, वरण वाढायचं हातभर दांड्याचं वगराळं, झारा, पीठ मळायची काथवट आणि भरीत ठेचायची बडगी. बडगी म्हणजे लाकडाचा ओंडका कोरून केलेली खोल परात. ती इतकी जड की मी आणि माय दोघी मिळून अंगणात ओढत आणायचो आणि तिच्या घरघरीने शेजारची मांजर पळून जायची. मग कल्हईवाले चाचा ओट्यासमोर भाता लावून बसत. नवसागराचा धूर गल्लीभर पसरे आणि काळेठिक्कर गंज आतून चांदीसारखे होऊन बाहेर येत. त्यात तोंड पाहायचा माझा हट्ट असे. माय म्हणे, "इमल, डोकं अडकी जाई त्यामा, मंग तुलेच शिजवतीन." माझं नाव विमल, पण आमच्याकडे 'वि'चा 'इ' होतो.

एवढा सगळा थाट तीन दिवसांसाठी. जळगावातले एक डॉक्टर दर हिवाळ्यात तीस-चाळीस माणसांना घेऊन सातपुड्यात, पालच्या जंगलाकडे जात. तंबू ठोकायचे, दिवसभर डोंगर चढायचे, पक्षी बघायचे आणि भुकेने कासावीस होऊन परत यायचं. त्या भुकेची व्यवस्था आबांकडे असे. माझे वडील, गावभराचे आबा, दालमिलमध्ये मुकादम होते. मिलमध्ये त्यांना 'चल रे', 'उठ रे' करणारे पुष्कळ होते. शिबिरात मात्र वकील, प्राध्यापक, खुद्द डॉक्टर ताट घेऊन त्यांच्यासमोर उभे राहत. पंगत बसायच्या आधी आबा वगराळ्यातून वरणाचा थेंब डाव्या तळव्यावर घेत, चाटत, डोळे मिटत. सगळे गप्प. मग ते ओरडत, "बठा रे भो पंगतले!" त्या एका हाकेसाठी ते वर्षभर मिलची धूळ खात असावेत, असं मला आता वाटतं. त्या वेळी मला फक्त एवढंच कळत होतं की त्या तीन दिवसांत आबांची मान जरा ताठ असते.

त्या वर्षी मी चौदा-पंधरा वर्षांची असेन. पावसाळा सरता सरता आबांना ताप आला, आला तो तीन आठवडे मुक्कामाला राहिला. त्यातून ते उठले, मिलमध्ये जाऊ लागले, सगळं पूर्ववत झालं असं आम्हाला वाटलं. एके दिवशी जेवताना मायने काकडी चिरून ठेवली. मी एक फोड तोंडात टाकली आणि तशीच मोरीत जाऊन थुंकले, इतकी कडूजहर. परत येऊन बघते तर आबा तीच काकडी करकरा खात होते. पूर्ण खाल्ली. चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माय चुलीपाशी होती, तिची पाठ आमच्याकडे होती. आबा उठले, हात धुतले, मला खुणेने मागच्या दारी बोलावलं आणि हळूच म्हणाले, "पोरी, मन्ही जीभ मरी गई. नाकबी गयं. कोन्हले सांगू नको."

मला काहीच समजेना. जीभ मरते म्हणजे काय? ते बोलत तर होते! मी त्यांना जीभ बाहेर काढायला लावली. आमच्या सगळ्यांच्या जिभेसारखीच जीभ होती, लाल, ओली. मग त्यांना विचारलं, तिखट लागतं का? "चटका लागस. तिखट नही लागत." या दोन गोष्टींत फरक काय, तो मला कळला नाही. परवाच्या साथीत आमच्या कॉलनीतल्या अर्ध्या लोकांचा वास गेला, चव गेली, टीव्हीवर त्याची चर्चा झाली, शेजारच्या सूनबाई कॉफीची बरणी नाकाशी धरून रडल्या, तेव्हा मी पन्नासेक वर्षं मागे जाऊन आबांच्या शेजारी उभी राहिले. आज त्याला डॉक्टरी नाव आहे. तेव्हा ती एक लाज होती, आणि ज्याला चाळीस माणसं चवीसाठी ओळखतात त्याच्यासाठी तर फारच मोठी.

शिबिर तोंडावर आलं तसे आबा बेचैन झाले. जाणार नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं तर पुढच्या वर्षी कुणीतरी दुसराच वगराळं धरणार. तो दुसरा कोण, हेही त्यांना ठाऊक होतं. मिलमध्ये वजनकाट्यावर बसणारे आणि दरवर्षी शिबिराला येणारे भिकाभाऊ मूळचे धुळ्याचे. जळगावकरांना स्वयंपाकातलं काही कळत नाही, शेवभाजी खावी तर धुळ्याची, असं ते दरवर्षी आबांच्या तोंडावर सांगत आणि दरवर्षी आबांच्या हातचं तीनदा मागून घेत. आबांच्या स्वयंपाकात एक तरी चूक सापडावी म्हणून ते दहा वर्षं टपून बसले होते. शेवटी आबांनी तोडगा काढला. "इमल, तू ये मन्हासंगे." मायला सांगितलं, पोरीला जंगल दाखवतो. मायने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माझा स्वेटर काढून दिला. तिला माहीत होतं की नव्हतं, हे मी तिला शेवटपर्यंत विचारलं नाही.

आम्ही खुणा ठरवल्या. मी आधी चाखायचं. उजव्या कानाला हात लावला तर मीठ कमी, डाव्या कानाला लावला तर तिखट कमी, आणि वेणी मागे टाकली तर सगळं ठीक. घरी आठ दिवस सराव केला. पण सराव करता करता माझाच गोंधळ उडाला. मीठ बरोबर आहे म्हणजे कुणाला बरोबर? मला अळणी चालतं, मायला चालत नाही. आबांची भाजी मी जन्मापासून खात होते, पण ती त्यांच्या जिभेला कशी लागत असे ते मला कुठे माहीत होतं? एकदा मी म्हटलं, "आबा, तुम्हाला आधी जसं लागायचं तसं मला कसं कळणार?" ते म्हणाले, "तेच तर."

पहिला दिवस छान गेला. धरणगावच्या आमच्या नातेवाइकांकडून आलेली हिरवी, पांढऱ्या रेघांची वांगी आबांनी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजली. पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या वाळक्या काड्या. त्या अशा भडकून जळतात की वांग्याला धूर तर लागतो पण ते करपत नाही. साली काढून वांगी बडगीत टाकली आणि आबा मुसळाने ठेचू लागले. तो धपधप आवाज समोरच्या टेकडीवर आपटून परत येई. हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेल. मी चाखलं, उजव्या कानाला हात लावला, आबांनी मूठभर मीठ टाकलं, मी पुन्हा चाखलं आणि वेणी मागे टाकली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर लोक भरीत असं खात होते की बडगी पुसूनच ठेवली. भिकाभाऊंनी चौथ्यांदा घेताना एवढंच म्हटलं, "धुयाले यानापेक्षा बरं करतस." आबा माझ्याकडे बघून हसले. मला इतका अभिमान वाटला, आणि लगेच असंही वाटलं की आपण सगळ्यांना फसवतोय. दोन्ही गोष्टी एकदम वाटू शकतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वरण-बट्टी होती. डॉक्टरांची बहीण पुण्याहून आली होती, सुलभाताई, कॉलेजात शिकवायच्या. गोऱ्यापान, चष्मा, आणि मदतीची भारी हौस. डोंगरावर न जाता त्या दिवसभर आमच्या चुलीपाशी थांबल्या. गव्हाच्या जाड पिठात मक्याचं पीठ, ओवा, हळद, तुपाचं मोहन घालून मी आणि त्यांनी गोळे वळले. "याला तुम्ही बट्टी म्हणता? आमच्याकडे साबणाची वडी असते तेवढी आहे की!" म्हणून त्या हसायच्या. पण गोवऱ्या दवाने ओलावल्या होत्या, धुमसत राहिल्या, निखाऱ्यांचा आर पडायला उशीर झाला. मंडळी डोंगरावरून उतरली तेव्हा दिवस मावळला होता. कुणीतरी गॅसबत्ती पेटवून झाडाला टांगली. चाळीस माणसं ताटं वाजवत बसली आणि मी गोवऱ्यांच्या राखेतून बट्ट्या काढून फडक्याने झाडत होते. हात कोपरापर्यंत राखाडी. तेवढ्यात आठवलं की वरणात मीठ घालायचं राहिलंय. आबा भाजी घोटत होते. मी सुलभाताईंना हाक मारली, "ताई, वरणात गोडं टाका ना. दोन मुठी."

इथे एक सांगायला हवं. आमच्या घरातल्या बायका दिवे लागल्यावर मिठाचं नाव घेत नसत. घरातली लक्ष्मी जाते म्हणत. शेजारीण वाटी घेऊन आली तरी 'थोडं गोडं द्या' म्हणे, आणि माय मिठाची बरणी पुढे करी. मला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की गॅसबत्ती पेटल्याबरोबर माझ्या तोंडातून तो शब्द आपोआप आला. 'गोडं' म्हणजे मीठ, यात समजावून सांगण्यासारखं काही आहे असं माझ्या मनातही आलं नाही. आणि सुलभाताई पडल्या पुण्याच्या. वरणात, आमटीत गूळ हवाच, हे त्यांना जन्मापासून माहीत. सकाळच्या चहासाठी फोडून ठेवलेल्या गुळाचा डबा शेजारीच होता. एवढ्या मोठ्या गंजाला दोन मुठींनी काय होणार, असं वाटून त्यांनी सढळ हाताने चार मुठी टाकल्या, ढवळलं आणि मला सांगितलं, "घातलं हं!"

आबा वगराळं घेऊन उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दहा पावलांवर होते, हात राखेने भरलेले, चाळीस माणसं वाट बघतायत. चाखायला जायचं म्हणजे हात धुवायचे, गंजापाशी जायचं, सगळ्यांच्या समोर. वरण तर मी दुपारीच चाखून बघितलं होतं, तिखट ठीक होतं, मीठ आता पडलं होतं. मी मान झटकली आणि वेणी मागे टाकली. न चाखता. आबांनी तळव्यावर थेंब घेतला, चाटला, डोळे मिटले. "झकास! बठा रे भो पंगतले!"

बट्ट्या कुस्करल्या गेल्या, वर तूप पडलं, वर वरण. पहिला घास घेतल्यावर पंगतीत जो आवाज व्हायचा तो झाला नाही. दोघं-तिघं एकमेकांकडे बघू लागले. एका वकिलांनी घास तोंडात तसाच धरला होता. भिकाभाऊंनी बोट चाटलं, पुन्हा वरणात बुडवून चाटलं आणि त्यांचा चेहरा उजळला. दहा वर्षांनी सापडली होती. "आबा," ते मोठ्याने म्हणाले, "आज काय येगळंच करी टाकं तुम्ही!" कुणीतरी खुदकन हसलं. मी धावत जाऊन गंजातलं वरण बोटावर घेतलं. गोड. मिठाचा पत्ता नाही. काय झालं ते एका क्षणात माझ्या लक्षात आलं, पण ते आबांना कोणत्या खुणेने सांगायचं? गोड झालंय याची खूण आम्ही ठरवलीच नव्हती. मी एकदा उजव्या कानाला हात लावला, एकदा डाव्या, पुन्हा उजव्या. आबा गोंधळून माझ्याकडे बघत राहिले.

मग त्यांनी जे केलं ते मला अजून दिसतं. त्यांनी पुन्हा तळव्यावर वरण घेतलं, या वेळी थेंब नाही, चांगलं तळवाभर. सगळ्यांच्या समोर हळूहळू चाटलं. डोळे मिटून उभे राहिले. आत कुठेतरी शोधत होते, काही हाती लागतंय का. चाळीस माणसं बघत होती. डोळे उघडून, हसायचा प्रयत्न करत ते म्हणाले, "मीठ जरासं जास्ती व्हई गयं, नही?"

हसणारे गप्प झाले. मी भिकाभाऊंकडे बघत होते. ते आता बोलणार, आणि संपलं सगळं. भिकाभाऊंचं तोंड अर्धवट उघडं होतं. त्यांनी आबांकडे पाहिलं, मग माझ्या कानांवरच्या राखेच्या बोटांकडे पाहिलं. ते तोंड मिटलं. "हा, आबा," ते म्हणाले, "जरासं जास्ती व्हयनं. चालस." आणि ताटावर वाकून खाऊ लागले. शेजारचा म्हणाला, "हो, किंचित." वकील म्हणाले, "थोडं खारट झालंय, पण तुपाबरोबर छान लागतंय." डॉक्टरांनी मान हलवली. सुलभाताई एकट्या उभ्या होत्या. "अहो, पण मीठ तर मी..." त्यांनी सुरुवात केली आणि सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं. त्यांना काय कळलं, किती कळलं, देव जाणे. त्या म्हणाल्या, "माझ्याच हातून जास्त पडलं. सवय नाही हो मला एवढ्या मोठ्या भांड्याची." त्या रात्री सगळ्यांनी ते गुळमट वरण संपवलं. भिकाभाऊंनी तीनदा घेतलं.

मला आनंद व्हावा की रडू यावं, हे ठरेना. आबांची अब्रू राहिली होती. पण सगळ्यांना कळलंही होतं. मग राहिली ती नेमकी काय? कळून न कळल्यासारखं करणं ही माया की दया, यावर मी त्या वयात तंबूत पडून जितका विचार केला तितका पुढे आयुष्यात कशावर केला नसेल. आजही उत्तर सापडलेलं नाही.

सकाळी ओढ्यावर गंज घासत बसले होते. आबा येऊन शेजारच्या दगडावर बसले. 

"वरणमा काय पडेल व्हतं?"

"मीठ," मी म्हटलं.

"बठ्ठा लोके म्हननात, मीठ जास्ती व्हयनं." त्यांनी ओढ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. "पन पानी कोन्हीच मांगं नही."

चव गेली तरी त्यांचं पंगतीवरचं लक्ष गेलं नव्हतं. मग मला राहवलं नाही. गूळ, सुलभाताई, 'गोडं' शब्द, सगळं सांगून टाकलं. गुळाचं ऐकून तर ते हसलेच. पण शेवटी मी म्हटलं की मी न चाखताच वेणी मागे टाकली, आणि त्यांचं हसू थांबलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "तुन्ही जीभ सोडी माले दुसरी जीभ नव्हती, इमल." आणि उठून गेले. मी गंजात डोकं घालून रडले. हुंदक्यांचा आवाज आत घुमत होता आणि मला स्वतःचीच भीती वाटत होती.

वर आले तेव्हा पोहे तयार होते आणि त्यावर घालायचा मटकीचा रस्सा कढईत उकळत होता. मंडळी ताटल्या घेऊन जमली होती, रोजच्यापेक्षा जरा जास्तच गप्पा मारत होती. आबांनी कढईवर वगराळं आपटलं. सगळे थांबले. "भो," ते म्हणाले, "माले चव लागत नही. तापपासून. काल तुम्ही माले सांभाळी लिधं, पन ते काही खरं नही." त्यांनी मला पुढे बोलावलं, वगराळं माझ्यासमोर धरलं. "आते खुणा नकोत. चाख आणि जोरमा सांग. बठ्ठासले ऐकू येवाले पाहिजे."

या वेळी चुकायचं नाही म्हणून मी घाईने तळवा पुढे केला आणि उकळता रस्सा तसाच तोंडात घेतला. जीभ भाजली. रडून रडून नाक तर आधीच चोंदलं होतं. मी तोंडातल्या तोंडात रस्सा फिरवला, शोधलं, पुन्हा शोधलं. चटका लागत होता. बाकी काही नाही. मीठ आहे की नाही, तिखट आहे की नाही, मटकी आहे की माती, काही कळेना. चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आबा बघत होते. वेणी पाठीवर होती. मान हलवली असती तर कुणाला कळलंही नसतं.

"आबा," मी ओरडले, "माले बी काहीच लागत नही!"

असा काही हशा उसळला की झाडावरचे पक्षी उडाले. डॉक्टर पोट धरून खाली बसले. आबा हसत होते की रडत होते ते मला धुरात दिसलं नाही, पण त्यांचा हात माझ्या डोक्यावर होता. मग त्यांनी वगराळं उचललं आणि सगळ्यांच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं.

"भिका," ते म्हणाले, "ये रे भो. तू सांग."

भिकाभाऊ ताटली खाली ठेवून पुढे आले. शर्टाला पुसून डावा तळवा समोर धरला. थेंब चाटला, आणि आबांसारखेच डोळे मिटून उभे राहिले.

"मीठ कमी शे," ते म्हणाले. "पन हात तोच शे."